आधी वारा अडवा

चकचकीत चंदेरी कागदाची घडी खिशात टाकली की डोंगरातल्या संकटाची सोय झाली, हा समज आता मोडायला हवा. दुकानात रोज कुणी ना कुणी तीच मागायला येतं. ‘ताई, ती स्पेस ब्लँकेट आहे का? पन्नास ग्रॅमवाली?’ असं विचारणारी मुलं चांगली असतात, वाचून आलेली असतात, आणि निदान काहीतरी बरोबर न्यायचा विचार तरी करतात. म्हणून मी त्यांना परत पाठवत नाही, बसवून घेते. मी सॅक, तंबू आणि ताडपत्र्या शिवते. नाशिकला माझा छोटा कारखाना आहे. सह्याद्रीत कुणी अडकलं की शोधाला जाणाऱ्या स्वयंसेवकांमध्येही मी बरीच वर्षं आहे. त्यामुळे कापड आणि गारठलेला माणूस, या दोन्हींशी माझा जवळचा संबंध येतो. पावसाळी डोंगरात बरोबर नेण्याचा हलका निवारा कसा निवडावा, याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते त्या चंदेरी घडीच्या विरोधात आहे.

ती आली कुठून ते पाहा. १९६४ च्या सुमारास नासाच्या कामासाठी हे तंत्र विकसित झालं. पॉलिएस्टरच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर निर्वातात ॲल्युमिनियमचा थर चढवायचा, म्हणजे तो उष्णतेचे किरण परतवतो. १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकाचं बाहेरचं कवच उड्डाणातच फाटलं, तेव्हा आतलं तापमान आटोक्यात आणण्यासाठी अंतराळवीरांनी अशाच ॲल्युमिनियम चढवलेल्या कापडाची छत्री वर उघडली होती. काम चोख झालं. पण अंतराळात वारा नसतो, पाऊस नसतो, कपडे ओले होत नाहीत. तिथे उष्णता येते-जाते ती फक्त किरणांनी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जुलैमध्ये नेमकं उलट असतं. तिथे माणसाची ऊब नेतो तो वारा आणि अंगावरचं पाणी.

या पाण्याचा हिशेब एकदा मांडून बघा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात. भिजलेली पँट, टीशर्ट, मोजे, बूट मिळून एवढं पाणी सहज अंगावर असतं. वाऱ्यावर ते सुकत जातं तेव्हा त्या उष्णतेचा मोठा वाटा तुमच्या अंगातून निघतो. वरून पाऊस चालूच, म्हणजे सुकलेल्या जागी पुन्हा नवं पाणी. शिवाय पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे ओल्या कपड्यांना चिकटलेला चंदेरी कागद बाहेरच्या गारव्याला सरळ अंगापर्यंत वाट देतो. किरण परतवायला मध्ये हवेचा थर हवा. तो पावसात भिजलेल्या, वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर राहत नाही. त्यातून हा पापुद्रा केसाहूनही पातळ. करवंदीच्या एका काट्याने कड चिरली की वारा उरलेलं काम करतो. भर वाऱ्यात तो इतका फडफडतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बधिर बोटांनी त्याची टोकं धरून ठेवणं तर अशक्यच.

कोरड्या कपड्यांवरून, आडोशाला, वरून पांघरूण असताना ही घडी उपयोगी आहे, हे मान्य करते. मॅरेथॉन संपवून घामेजलेल्या धावपटूंना ती देतात ते बरोबरच आहे. पाच मिनिटांवर गाडी असते. डोंगरात गाडी पाच मिनिटांवर नसते.

‘पण आपल्याकडे बर्फ कुठे आहे?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. बर्फाची गरजच नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली उतरलं की वैद्यकीय भाषेत हायपोथर्मिया सुरू झाला, आणि त्यासाठी बाहेर शून्य अंश असावे लागत नाहीत. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते. पायथ्याशी चोवीस-पंचवीस असेल तर हरिश्चंद्रगडाच्या १४०० मीटरच्या आसपासच्या माथ्यावर अठरापर्यंत येते. अठरा अंश ऐकायला सुखद वाटतात. पण दिवसभर भिजलेला, सकाळी पोहे खाऊन निघालेला, चुकलेल्या वाटेवर तीन तास वणवण केलेला माणूस संध्याकाळी वाऱ्यात थांबला की तेच अठरा अंश त्याला पुरे पडतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच गडावर पुण्याहून आलेला एक गट पाऊस-धुक्यात वाट चुकला आणि त्यातल्या एकाचा गारठून जीव गेला. पडून नाही, बुडून नाही. हे वाचूनही आपल्याकडे चर्चा झाली ती वाटेवरच्या खुणांची. खुणा हव्यातच. पण खूण दिसली नाही, अंधार झाला, तर त्या रात्रीपुरतं काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

उंच डोंगरांत तर हाच प्रश्न आणखी क्रूर होतो. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट हिमवादळात सापडला आणि नऊ जण दगावले. तिथली उंची, तिथला बर्फ वेगळा, आणि एखाद्या वस्तूने तिथे काय झालं असतं हे घरी बसून मी सांगणार नाही. पण आपल्याकडची शेकडो मुलं सह्याद्रीत शिकून हिमालयात जातात आणि इथली सवय तिथे नेतात. मुक्कामाचा तंबू पुढच्या किंवा मागच्या तळावर असतो. चालत्या माणसाच्या पाठीवर निवारा नसतो.

‘तंबू आहे की,’ असंही म्हणतात. चार जणांचा तंबू, दांड्या, खुंट्या, वरचं कापड, हे सगळं वाऱ्यात उभं करायला दोन धडधाकट, गरम हातांची माणसं आणि सपाट जागा लागते. संकट येतं तेव्हा यातलं काहीच नसतं. रेनकोट आणि पोंचोही निवारा नव्हे. ते चालताना उपयोगाचे. थांबलेल्या माणसाच्या मांडीखालून, गळ्यातून, बाह्यांमधून वारा शिरतच राहतो.

म्हणून निवड करताना मी वजनापासून सुरुवात करत नाही. मी तीन गोष्टी विचारते. वारा पूर्ण अडतो का? थरथरत्या हातांनी, अंधारात, दोन मिनिटांत अंगावर घेता येतो का? आणि त्यात एकाहून जास्त माणसं मावतात का? वजन त्यानंतर.

एकट्यापुरती पिशवी या कसोटीवर निम्मी उतरते. युरोपात जाड पॉलिथीनची, माणूस पूर्ण आत जाईल अशी भगवी पिशवी डोंगरात जाणारे कित्येक दशकं नेतात. तिचं वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम भरतं. आपल्याकडे तशी पिशवी घरी करता येते. प्लास्टिकच्या दुकानात पॉलिथीनची अखंड नळी किलोवर मिळते. शंभर मायक्रॉनच्या वरची, नव्वद सेंटिमीटर रुंदीची घ्या, दोन मीटर कापा, एक तोंड दुमडून रुंद चिकटपट्टीने बंद करा, आणि तोंडाच्या उंचीवर श्वासासाठी भोक पाडा. बंद पिशवीत डोकं घालून झोपणं जिवावर बेतेल, म्हणून हे भोक विसरायचं नाही. आतून ती घामाने ओली होते, ही तक्रार खरी आहे. पण आतली ओल कोमट असते आणि वारा बाहेर राहतो. बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं पाठीवर घेऊन दिवसभर भातलावणी करणारी माणसं याच डोंगरांच्या पायथ्याशी राहतात. आता इरलं मागे पडलं आणि खांद्यावर प्लास्टिकची खोळ आली. निवारा अंगावर घेऊन फिरायची रीत आपल्याला कुणी बाहेरून शिकवायला नको. घोंगडी भिजूनही बरीचशी ऊब धरते, म्हणून धनगर पावसात तिची खोळ डोक्यावरून घेतो. पण ती भिजली की इतकी जड होते की शहरातून आलेल्या पोराला ती घेऊन गड चढवणार नाही.

एकट्याच्या पिशवीची अडचण अशी की तिच्यात माणूस एकटा पडतो. गारठणाऱ्याला आपण गारठतोय हे कळत नाही. आधी हुडहुडी भरते. मग बोटं ऐकेनाशी होतात, पाय अडखळतो, बोलणं जड होतं, माणूस चिडचिडतो किंवा गप्प बसतो. पुढे कापरंच थांबतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं आता बरं आहे. ते सर्वांत वाईट लक्षण. वेगवेगळ्या पिशव्यांमध्ये शिरलेल्या पाच जणांपैकी कोण गप्प झालंय हे बाकीच्यांना कसं कळणार?

ताडपत्रीचा मान मोठा आहे आणि मी त्या विकतेही. पुण्यात बोहरी आळीत किंवा कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळणारी निळी ताडपत्री नव्वद जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला नव्वद ग्रॅमची, तीन मीटर बाय तीन मीटर घेतली तर आठशे ग्रॅम होते. सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनची तेवढीच घेतली तर साडेचारशे. एप्रिल-मेच्या उन्हात हिला तोड नाही. भर दुपारी उघड्या कातळावर उष्माघाताचा माणूस झोपवला असेल तर त्याच्यावर सावली हवी आणि चारी बाजूंनी वारा हवा. तिथे कुठलीही पिशवी नको. हिवाळ्या-उन्हाळ्यात कड्यांवर आग्या मोहोळ उठतं तेव्हाही, पळून जायला वाट नसेल तर पांघरायला आणि कडा दाबून पडून राहायला ती कामाला येते. पण पावसाळी वाऱ्यात सड्यावर ताडपत्री बांधायला झाडं नसतात, दोऱ्यांच्या गाठी बसत नाहीत, आणि सैल राहिलेली बाजू शिडासारखी भरून हातातून निसटते. तिच्यात शिरायचं असेल तर ती सगळ्यांच्या डोक्यावरून घेऊन कडा बुडाखाली दाबाव्या लागतात. असं करताना लक्षात येतं की आपल्याला खरं तर वेगळीच वस्तू हवी होती.

ती वस्तू म्हणजे ग्रुप शेल्टर. आमच्या कारखान्यात आम्ही तिला मोठी खोळ म्हणतो. हिला दांड्या नाहीत, खुंट्या नाहीत, दोऱ्या नाहीत. तळ नसलेला कापडी खोका समजा. सगळ्यांनी गोल उभं राहून डोक्यावरून ओढून घ्यायचा, खालची कड सॅकखाली आणि सॅकवर आपण, असं पाठीने कापड ताणून बसायचं. माणसांच्या पाठी याच दांड्या. ऑस्ट्रियात स्कीइंगचा पाया घालणाऱ्या मथियास झ्दार्स्की यांच्या नावाने अशा पिशवीला तिकडे ओळखतात. म्हणजे कल्पना बरीच जुनी. ब्रिटनमधले डोंगरातले लीडर ती सर्रास बाळगतात. आपल्याकडे ती अजून फार थोड्यांच्या सॅकमध्ये आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ती जणू आपल्या पावसासाठीच केलेली आहे.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे शंभर वॉट उष्णता बाहेर पडत असते. कुडकुडत असेल तर कितीतरी जास्त. सहा माणसं एका खोळीत बसली की सहाशे वॉटचा हीटर बंद खोलीत लावल्यागत होतं, आणि वारा अडलेला असल्याने ती ऊब तिथेच राहते. हे मी आकड्यांवरून सांगत नाही, बसून सांगते. कॉलेजच्या मुलांना घेऊन जुलैत नाणेघाटावरच्या सड्यावर आम्ही मुद्दाम याचा सराव घेतो. गेल्या खेपेला एक मुलगी सॅकचं बकल लावायला धडपडत होती. अंगठा बकलावर होता, पण दाबला जात नव्हता. ‘मी ठीक आहे’ असं ती सारखं म्हणत होती, आणि दर वेळी ते वाक्य थोडं जास्त जाड जिभेने येत होतं. तिला मध्ये घेऊन आम्ही खोळ ओढली. पहिला बदल ऐकू आला. वाऱ्याचा आवाज एकदम लांब गेला. मग चष्मे धुकटले. मग कुणीतरी राजगिऱ्याच्या वड्या काढल्या. तिचा ओला टीशर्ट काढून कोरडा घालायला दोन मैत्रिणींनी आडोसा धरला, जो बाहेर धरणं शक्यच नव्हतं. थोड्या वेळाने तिने स्वतः बकल लावून दाखवलं, मला सांगायला लावलं नाही.

याच वेळी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली, ती इथे आवर्जून लिहिते. बाहेर पावसात मोबाईलचा पडदा ओल्या बोटांना दाद देत नाही. कुलूप उघडत नाही, आकडे भलतेच दाबले जातात, नकाशा आपोआप सरकतो. खोळीत बसल्यावर रुमालाने पडदा पुसला, बोटं काखेत धरून कोरडी केली, आणि ज्या मुलाला दहा मिनिटं जमत नव्हतं त्याने अर्ध्या मिनिटात आपलं ठिकाण पाठवलं. शोधाला जाणारे म्हणून आम्हाला फोन येतो तेव्हा सर्वांत मोठा घोळ याच माहितीचा असतो. ‘आम्ही एका मोठ्या झाडाजवळ आहोत’ एवढ्यावर माणूस सापडत नाही. शांतपणे बसून ठिकाण, किती जण, कोणाला काय झालंय, बॅटरी किती टक्के, हे सांगता आलं की आमचे कित्येक तास वाचतात.

आणि तास लागतातच. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने राज्यात बचावकार्याचं समन्वय केंद्र उभं राहिलं, लोणावळ्याच्या शिवदुर्गसारखे गट आहेत, गावोगावी मुलं तयार झाली आहेत. ही सगळी माणसं आपापली नोकरी-धंदा सांभाळून येतात. फोन आला की सामान गोळा करायचं, पायथा गाठायचा, मग रात्री पावसात चढायचं. आमच्याही आधी निघतात ते पाचनईचे, खिरेश्वरचे, बारीचे गावकरी, खांद्यावर प्लास्टिकची खोळ आणि हातात बॅटरी घेऊन. कितीही घाई केली तरी संध्याकाळच्या फोननंतर मध्यरात्र उलटून जाते. त्या मधल्या वेळात अडकलेल्यांनी जगायचं असतं, आणि त्यासाठीचं सामान आमच्या सॅकमध्ये असून उपयोग नसतो. ते त्यांच्याकडे असावं लागतं.

आता कापडाबद्दल, कारण इथे ग्राहकाची फसवणूक सोपी आहे. चौकटीच्या विणीचं रिपस्टॉप नायलॉन घ्या. त्यात ठराविक अंतरावर जाड धागा असतो, त्यामुळे फाट चौकटीपाशी अडते. चौरस मीटरला चाळीस ते पन्नास ग्रॅमचं पुरे. मी जी खोळ शिवते तिचं छत दीड मीटर बाय एक मीटर आणि चारी बाजूंना नव्वद सेंटिमीटरचे पडदे. कापड सहा चौरस मीटर, म्हणजे तीनशे ग्रॅम. खिडकी, दोरा, पट्टी, थैली धरून चारशेच्या आसपास. त्यात सहा जण दाटीने आणि चार जण आरामात बसतात. मोठ्या पॉवर बँकेचं वजनही एवढंच असतं आणि ती आज प्रत्येकाच्या सॅकमध्ये आहे, तेव्हा वजनाची सबब मी ऐकून घेत नाही. सहा जणांत वाटलं तर माणशी सत्तर ग्रॅमसुद्धा होत नाही. म्हणजे त्या चंदेरी घडीपेक्षा थोडंच जास्त.

पाणी अडवणारा लेप दोन प्रकारचा येतो. पॉलियुरेथेनचा लेप स्वस्त असतो, शिवणीवर आतून पट्टी छान बसते, पण आपल्या दमट हवेत चार-पाच वर्षांत तो चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. ओली खोळ थैलीत कोंबून कपाटात ठेवली तर त्याहून लवकर. सिलिकॉनचा लेप जास्त टिकतो, कापडाला बळही देतो, मात्र त्यावर पट्टी चिकटत नाही. शिवण सिलिकॉननेच भरावी लागते. टर्पेंटाइनमध्ये सिलिकॉन पातळ करून जुन्या ब्रशने शिवणीवरून फिरवायचं आणि रात्रभर सुकू द्यायचं. घरी होणारं काम आहे. शिवण मात्र दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दोनदा मारलेली हवी, कारण या वस्तूवर सगळा ताण माणसांच्या पाठीचा येतो. एकेरी शिवणीची खोळ दिसली तर तशीच दुकानात परत ठेवा. दोन बाजूंना हवा खेळण्यासाठी झडप किंवा नळी आहे का ते पाहा. सहा माणसांच्या श्वासाला बाहेरची हवा लागते. आत स्टोव्ह पेटवायचा नाही, मेणबत्तीही नाही. कोंडलेल्या जागेतला धूर दिसण्याआधी मारतो.

रंग भगवा, पिवळा किंवा लाल. हिरव्या आणि मातकट रंगाची मागणी फोटोसाठी होते हे मला माहीत आहे. धुक्यात टॉर्चच्या उजेडात हिरवी खोळ कारवीच्या रानात दहा पावलांवरूनही दिसत नाही. मी हिरव्या रंगात ती शिवतच नाही.

गडावर निवारे बांधा, अशी मागणीही दर अपघातानंतर होते. राजगडावर पद्मावतीचं देऊळ आहे, तोरण्यावर मेंगाईचं, रतनगडाला आणि हरिश्चंद्रगडाला गुहा आहेत, आणि त्यांनी आजवर कितीकांच्या रात्री सांभाळल्या आहेत. पण माणसं अडकतात ती मधल्या वाटेवर. स्कॉटलंडमध्ये १९७१ च्या नोव्हेंबरात केर्नगॉर्मच्या पठारावर एडिंबराच्या शाळकरी मुलांचे दोन गट एका उंचावरच्या निवाऱ्याकडे निघाले होते. एक पोहोचला. दुसरा हिमवादळात पोहोचू शकला नाही आणि त्यातली पाच मुलं व एक तरुण सहायक दगावले. निवारा होता, पण तो गाठता आला नाही. पुढे बरीच चर्चा होऊन १९७५ मध्ये पठारावरचे असे निवारे काढून टाकले गेले, कारण त्यांच्या भरवशावर लोक नको तितके पुढे जात होते. आपल्या गडांवर नवं बांधकाम करण्याआधी हा अनुभव वाचला पाहिजे. भिंतींच्या खर्चाच्या तुलनेत पायथ्याच्या प्रत्येक गावात चार-चार खोळी देणं किती सोपं आहे! वाटाड्याकडे एक, ग्रामपंचायतीत एक, शोधाला जाणाऱ्या पोरांकडे दोन. पहिली मदत करायला तेच जातात, आणि त्यांच्या जिवाचा विचार आपल्या कुठल्याच चर्चेत नसतो.

राज्याने २०२१ च्या ऑगस्टमध्ये साहसी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आणि आयोजकांच्या नोंदणीची सोय केली, ही चांगली गोष्ट झाली. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेशही निघतात. बंदी मला पटत नाही. पावसातला सह्याद्री पाहायचा नाही असं तरुण पोरांना सांगणं मला जमणार नाही, मीही त्याच पावसात वाढले. पण चाळीस-पन्नास माणसांची बस भरून नेणाऱ्याने दर सहा माणसांमागे एक ग्रुप शेल्टर दाखवल्याशिवाय पायथा सोडू नये, एवढी अट घालायला कुणाची हरकत असावी? तपासायला दोन मिनिटं पुरतात. वनखात्याच्या नाक्यावर सॅकमधल्या बाटल्या बघतातच, तिथेच खोळ बघावी. आणि नुसती दाखवून भागणार नाही. पायथ्याशी, कोरड्यात, सगळ्यांनी एकदा डोक्यावरून घेऊन बसायचं. ज्याने ती कधी उघडलेली नाही त्याला अंधारात ती उघडत नाही, हे मी पाहिलेलं आहे. मुलांना पाठवणाऱ्या आई-बाबांनीही आयोजकाला जेवण काय आहे हे विचारताना हाही प्रश्न विचारावा. उत्तर देताना तो अडखळला तर पैसे परत मागावेत.

कधी घ्यायची अंगावर, हे ठरवण्यात लोक चुकतात. सगळे दमून कोसळल्यावर नव्हे. वाट चुकल्याची खात्री पटली, कुणाचा पाय मुरगळला, कुणी अचानक गप्प झालं, की तेव्हाच. कड्याच्या धारेवरून खाली, वाऱ्याच्या पाठच्या बाजूला सरका. ओढ्यात आणि नाळेत बसू नका, वरच्या पावसाचं पाणी सांगून येत नाही. सुटलेल्या दगडांखालीही नको. विजा चमकत असतील तर एकट्या झाडाचा आसरा नको. बुडाखाली कॅरीमॅटचा तुकडा, नसेल तर सॅक, दोर, काहीही घ्या, कारण ओला कातळ वाऱ्याइतकीच ऊब खातो. बाहेर टॉर्च दिसेल अशी टांगा, शिटी गळ्यात राहू द्या.

आणि खोळ सॅकच्या वरच्या कप्प्यात. डब्याखाली, कपड्यांच्या मधोमध नको. एकच असेल तर ती पुढे चालणाऱ्या लीडरकडे देऊ नका. पावसात गट तुटतो तेव्हा अडकतात ते मागचे, आणि लीडर तोवर खिंडीपलीकडे गेलेला असतो. एकच आहे ना, मग ती सर्वांत मागे चालणाऱ्याच्या सॅकमध्ये. दुसरी घ्याल तेव्हा ती पुढे द्या.